डबा लहान हवा, पण आत हात गेला पाहिजे



डब्यांवर मी याआधी बरंच लिहिलं आहे. मसाल्याचा डबा, फराळाचे डबे, शिखरजीच्या यात्रेला नेलेले कोरड्या खाण्याचे डबे. आजही डब्यावरच लिहिते आहे, पण हा डबा स्वयंपाकघरातला नाही. माझ्या नातीच्या शाळेतल्या मुलांनी स्पर्धेसाठी रोबोट केला होता. त्या रोबोटचा मेंदू आणि त्याच्या शिरा ज्या पेटीत राहतात, तो हा डबा. मी तो बनवला नाही. मुलांनी बनवला. मी शेजारी बसून पाहिलं, प्रश्न विचारले आणि एका कामात थोडा हातभार लावला. तुमच्यापैकी कित्येकींची नातवंडं आता रोबोटिक्सच्या क्लासला जातात. ती तिथे काय करतात हे आपल्याला थोडं कळावं आणि त्यांच्यापाशी बसायचा संकोच वाटू नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी लेक न्यू जर्सीत असते. दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा मी तिच्याकडे काढला. नात तेव्हा दहावीत होती. डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे माझं जेवण सव्वाचारलाच उरकलेलं असायचं. बाकीच्यांचं जेवण सात वाजता. मधला सगळा वेळ मी मोकळी. नात आणि तिच्या संघातली मुलं शाळा सुटल्यावर आमच्या तळघरात जमायची, तेव्हा मीही शाल गुंडाळून खाली जाऊन बसायची. हा रोबोट मला कळला तो असा, रिकाम्या वेळामुळे.

आधी स्पर्धेविषयी. अमेरिकेत डीन कामेन नावाच्या संशोधकाने १९८९ साली फर्स्ट ही संस्था सुरू केली. मुलांना विज्ञान आणि तंत्रज्ञान खेळासारखं आवडावं, हा हेतू. तिच्या स्पर्धांपैकी एक म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज, मुलांच्या भाषेत एफटीसी. सातवीपासून बारावीपर्यंतची मुलं त्यात असतात. दर सप्टेंबरात नवा खेळ जाहीर होतो आणि त्या खेळाप्रमाणे रोबोट बनवायचा असतो. मैदान १२ फूट बाय १२ फुटांचं, खाली फोमच्या करड्या चटया. एका बाजूला दोन रोबोट, दुसऱ्या बाजूला दोन. सामना अडीच मिनिटांचा. पहिली ३० सेकंदं रोबोटने आपलं आपण, आधी लिहिलेल्या कोडप्रमाणे चालायचं. मग २ मिनिटं मुलं हातातल्या कंट्रोलरने तो चालवतात. आणि एक मोठी अट. सामना सुरू होताना सगळा रोबोट १८ इंच लांब, १८ इंच रुंद, १८ इंच उंच एवढ्यातच मावला पाहिजे. चाकं, हात, मोटारी, बॅटरी, सगळं त्यात. म्हणजे इंचाइंचाचा हिशेब आला.

आता आत काय असतं ते सांगते. एक कंट्रोल हब, हा रोबोटचा संगणक. साधारण साडेपाच इंच लांब, चार इंच रुंद, इंचभराहून थोडा जाड. एखाद्या जाड पोथीएवढा म्हणा. त्याला ४ मोटारी जोडता येतात. जास्त हव्या असतील तर तेवढ्याच आकाराचा दुसरा, त्याला एक्स्पान्शन हब म्हणतात. १२ व्होल्टची एक बॅटरी, एक मुख्य बटण, आणि मोटारी. नातीच्या रोबोटला ६ मोटारी होत्या, शिवाय सर्वो नावाच्या ४ छोट्या मोटारी आणि एक कॅमेरा. प्रत्येक मोठ्या मोटारीला दोन वायरी लागतात: एक ताकद देणारी, दुसरी मोटार किती फिरली ते परत कळवणारी. अशा १२. सर्वोच्या ४. बॅटरीपासून बटणापर्यंत १, बटणापासून हबपर्यंत १, दोन हबच्या मध्ये २, कॅमेऱ्याची १. एकूण २१ वायरी. मी कागदावर बेरीज केली तेव्हा मुलं हसली. त्यांनी तोवर मोजल्याच नव्हत्या.

नोव्हेंबरातल्या पहिल्या सामन्यांत त्यांचा रोबोट मधेच बंद पडला. एकदा नाही, दोनदा. मिनिटभर छान चालला आणि मग मैदानाच्या मधोमध नुसता उभा. त्या वेळी सगळी विजेची सामग्री उघड्यावरच होती. हब सरळ ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला स्क्रूने बसवलेले, वायरी जिथून जमेल तिथून नेलेल्या. आणि वायरिंग होतं माझ्या नातीकडे. घरी येताना गाडीत ती गप्प होती. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आजी, मी टीम सोडतेय. सगळे म्हणतात, वायरिंग तुझं होतं." लेक म्हणाली, नसेल करायचं तर राहू दे, बळजबरी नको. मला काय बोलावं ते कळेना. १५ वर्षांच्या पोरीला उपदेश केला तर ती उठून जाते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी एवढंच म्हटलं, "सोडायचं तर सोड गं. पण नक्की कशामुळे बंद पडला ते तरी बघू या का? न बघता सोडलंस तर आयुष्यभर वाटत राहील, की चूक माझीच होती."

शोधायला एक आठवडा गेला. कारणं दोन निघाली. एक साधं होतं: बॅटरीकडून येणारा पिवळा जोड हिसक्याने सैल होत होता. दुसरं मला फार मजेशीर वाटलं. तिकडच्या हिवाळ्यात घरातली हवा हीटरमुळे इतकी कोरडी होते, की दाराच्या मुठीला हात लावला की बोटाला चटका बसतो. लोकरीचा स्वेटर काढताना तडतड होते. आपल्या दमट हवेत ही स्थिर वीज आपोआप ओसरते, तिथे साठून राहते. रोबोटची चाकं फोमच्या चटईवर घासतात, तेव्हा त्याच्या सांगाड्यावरही अशीच वीज साठते. मग दुसऱ्या रोबोटचा किंवा मैदानाच्या धातूच्या भागाचा स्पर्श झाला की ती एकदम उतरते, आणि वाटेत हब असेल तर तो गोंधळून बंद पडतो. जुन्या संघांना हे माहीत असतं. यावर उपाय असा, की हब धातूवर थेट बसवायचा नाही, मध्ये वीज न वाहणारी पट्टी घालायची. सांगाड्यावरचा भार हळूहळू उतरावा म्हणून आत रोधक असलेली, नियमात चालणारी एक खास वायर मिळते, ती लावायची. आणि सगळी सामग्री एका पेटीत नीट बसवायची. म्हणून पेटी करायचं ठरलं, आणि ती करायला नात थांबली. "पेटी झाली की मग बघू," म्हणाली. मी काही बोलले नाही.

पहिली पेटी मुलांनी संगणकावर आखून थ्री-डी प्रिंटरवर काढली. ७ इंच बाय ५ इंच बाय ३ इंच. दोन्ही हब एकावर एक, वायरी वळवून आत, वर झाकण, झाकणाला ८ स्क्रू. दिसायला अगदी सुबक. संघातली मुलं खूश, कारण रोबोटचा हात बनवणाऱ्यांना जागा हवी होती आणि ही पेटी खरोखरच लहान होती. मी ती हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, "खालच्या हबची वायर निघाली तर?" झाकण काढायचं, वरचा हब सोडायचा, तो उचलायचा, मग खाली हात घालायचा. "मग दोन सामन्यांच्या मध्ये वेळ किती मिळतो?" कधी अर्धा तास, पण कधी पाच-सात मिनिटं. मुलांनी घड्याळ लावून बघितलं. एक वायर काढून परत लावायला १४ मिनिटं लागली.

मैत्रिणींनो, भरणं आणि कोंबणं यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. मसाल्याच्या डब्यात सात वाट्या असतात, आणि मोहरी घेताना हळदीची वाटी उचलावी लागत नाही. प्रवासाच्या बॅगेत औषधं तळाशी ठेवत नाही. पण लहान करायचं म्हटलं की शिकलेल्या माणसांचंही लक्ष फक्त बाहेरच्या मापाकडे जातं. पेटी किती लहान हे इंचात मोजायचंच. पण ती उघडून, हवी ती वायर बदलून, परत बंद करायला किती मिनिटं लागतात, हेही मोजायचं. दोन्ही आकडे लहान असले तर पेटी लहान. त्या संध्याकाळी मुलांनी फळ्यावर लिहिलं: कोणतीही एक वायर, दोन मिनिटांत.

मग दुसरी पेटी. या वेळी प्रिंटरकडे न जाता आधी पुठ्ठ्याची केली. सकाळच्या सीरियलचे खोके मी साठवून ठेवले होते, ते कामी आले. हबच्या मापाचे दोन पुठ्ठ्याचे ठोकळे केले आणि ते निरनिराळ्या तऱ्हेने ठेवून पाहिले. तेव्हा लक्षात आलं, की पहिल्या आखणीत हबचं माप घेतलं होतं, पण हबमधून बाहेर येणाऱ्या वायरीचं घेतलंच नव्हतं. वायरीच्या टोकाला जोड असतो, त्यापुढे वायर वळायला जागा लागते, आणि जोड धरून ओढायला दोन बोटं आत जावी लागतात. आपण फ्रिज घेताना फ्रिजचं माप घेतो, पण त्याचं दार उघडायला जागा राहील का, हेही बघतोच ना? तसंच. चारही बाजूंना दीड-दीड इंच मोकळं ठेवावं लागलं. दोन्ही हब पाठीला पाठ लावून, मध्ये एक पट्टी घालून उभे केले. म्हणजे कोणताही हब दुसऱ्याच्या खाली नाही. दोघांनाही आपापल्या बाजूने हात पोचतो. पेटीचं नवं माप आलं ९ बाय ७ बाय सव्वातीन इंच.

हाताची मुलं उखडली. "ही तर दुप्पट झाली!" खरंच होतं. पहिलीचं घनफळ १०५ घन इंच, हिचं २०४ च्या वर. नात हिरमुसली. तेव्हा मी म्हटलं, हिशेब पूर्ण मांडू या. मी १९८० ची बी. कॉम. आहे, अर्धा हिशेब मला सहन होत नाही. रोबोटमध्ये टंचाई कशाची आहे? तळाच्या जागेची, कारण तिथे चाकं, मोटारी आणि हाताचा पाया येतो. मागच्या बाजूची उंची रिकामीच आहे. पहिली पेटी आडवी, तळाला ७ गुणिले ५, म्हणजे ३५ चौरस इंच. दुसरी मागच्या भिंतीला उभी लावली तर ९ गुणिले सव्वातीन, म्हणजे २९ आणि वर थोडं. घनफळ दुप्पट, पण जी जागा महाग आहे ती ६ चौरस इंचांनी वाचली. नातीने हे दोन्ही आकडे कागदावर लिहून हाताच्या मुलांपुढे ठेवले. पाच मिनिटांत वाद मिटला. उभ्या पेटीमुळे तोल वर जाईल का, अशी शंका एकाने काढली. पण हब हलके असतात, जड असते ती बॅटरी. ती सगळ्यात खाली, दोन चाकांच्या मध्ये ठेवली.

हब उभा केल्यावर एक नवी गोष्ट निघाली. त्याच्या आत दिशा ओळखणारा सेन्सर असतो. तो आडवा आहे की उभा, त्याचं तोंड कुणीकडे, हे कोडमध्ये सांगावं लागतं. नाही सांगितलं तर रोबोट डावीकडे वळला तरी त्याला वाटतं, आपण आडवे पडलो. कोड लिहिणाऱ्या मुलीने दोन ओळी बदलल्या आणि काम झालं. पण पेटी करणाऱ्याने कोड लिहिणाऱ्याला कळवलं नसतं, तर ते शोधण्यात आणखी एक आठवडा गेला असता. घरात फ्रिज हलवला तर सुनेला सांगायला हवं, तसं.

पेटी कशाची करायची यावरही बरीच चर्चा झाली. धातूची नाहीच, कारण एक तर स्थिर विजेचा प्रश्न, आणि दुसरं म्हणजे हबचं मुलांच्या हातातल्या फोनसारख्या यंत्राशी बोलणं वाय-फायवर चालतं. चहूबाजूंनी धातू असला की त्या लहरी अडतात. म्हणजे आपला स्टीलचा डबा इथे कामाचा नाही. ॲक्रिलिक दिसायला काचेसारखं, पण धक्क्याने तडकतं, भोक पाडतानाही तडे जातात. पॉलिकार्बोनेट वाकतं, तुटत नाही. मधली पट्टी आणि दोन्ही झाकणं तीन मिलिमीटर पॉलिकार्बोनेटची केली. पारदर्शक असल्यामुळे हबवरचा रंगीत दिवा बाहेरून दिसतो. तो कोणत्या रंगाचा आहे, लुकलुकतो की स्थिर आहे, यावरून हबची तब्येत कळते. कोपऱ्यांचे तुकडे प्रिंटरवर काढले. पट्टी सांगाड्याला जोडताना मध्ये नायलॉनचे ठोकळे आणि नायलॉनचेच स्क्रू घातले, म्हणजे धातूचा धातूशी संबंध नको. पट्टीखाली फोमचे छोटे तुकडे, धक्के सोसायला.

हब चालताना कोमट होतात. म्हणून हवा खेळती हवी. खालच्या कडेला आणि वर बाजूला बारीक फटी ठेवल्या. गरम हवा वर जाते, खालून थंड येते, पंख्याची गरज नाही. पण अगदी माथ्यावर फट ठेवली नाही. रोबोटवर काम करताना धातूला भोकं पाडतात, त्याचा चुरा वरून आत पडला आणि दोन पिनांच्या मध्ये अडकला, तर शॉर्टसर्किट. त्यासाठी मुलांनी नियमच केला, की भोकं पाडायची तर भाग काढून दुसऱ्या टेबलावर न्यायचा. आणखी एक गोष्ट माझ्या सांगण्यावरून झाली. उन्हाळ्यात रोबोट गॅरेजमध्ये पडून राहतो. उबदार, अंधारी, फटींची पेटी म्हणजे कोळ्यामुंग्यांना घरच. म्हणून फटींना आतून बारीक जाळी लावली. मुलांनी ती यंत्र जपण्यासाठी लावली, मी जीव जपण्यासाठी. जाळी एकच.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, वायरी. नोव्हेंबरात सैल झालेला तो जोड मी बघितला होता. हिसका बसला की ताण सरळ जोडावर येत होता. मी नातीला परकर आणून दाखवला. नाडी सुटून आत जाऊ नये म्हणून आपण मागे मधोमध एक टाका घालतो. मग पुढून कितीही ओढा, ओढ त्या टाक्यावर येते. तिला हसू आवरेना, पण मुद्दा पटला. तिच्या मार्गदर्शकांनीही हेच सांगितलं होतं, फक्त इंग्रजीत. प्रत्येक वायर पेटीत शिरताना तिथेच पट्टीला बांधली, आणि बांधल्यानंतर जोडापर्यंत थोडा सैल वळसा ठेवला. कायमच्या वायरींना प्लास्टिकच्या पट्ट्या, ज्या बदलाव्या लागतील त्यांना वेल्क्रोच्या. झाकणाचे ८ स्क्रू जाऊन त्या जागी हाताने फिरणारे दोन मोठे स्क्रू आले. बॅटरी पेटीबाहेर, कारण ती दर सामन्याला बदलायची असते. मुख्य बटणही बाहेर, त्यावर ठळक चिठ्ठी, कुणालाही एका क्षणात सापडेल असं.

माझा हातभार लागला तो इथे. वायरी २१, पण प्रत्येकीला टोकं दोन. आम्हाला कॉलेजात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, की प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी होते, नावे आणि जमा. एकच बाजू लिहिली तर ताळेबंद जुळत नाही. मी नातीला एक दोनशे पानी वही दिली आणि रकाने आखून दिले: क्रमांक, कुठून, कुठे, रंग, लांबी, कुणी बसवली, तारीख, सही. पांढऱ्या कापडी चिकटपट्टीवर क्रमांक लिहून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना लावले. २१ वायरी, ४२ चिठ्ठ्या. मग हबच्या प्रत्येक जोडणीजवळही तोच क्रमांक. एक जण वहीतून वाचायचा, दुसरा पेटीत बोट ठेवायचा. दर शनिवारी ताळा. पहिल्याच ताळ्यात ११ आणि १२ ची अदलाबदल सापडली.

आपल्या पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट बघून, जपून उचलावी, जपून ठेवावी. मुनिमहाराज पिंछीने जागा झाडून मगच कमंडलू ठेवतात, ते यासाठीच. तिचा मूळ हेतू जीवरक्षेचा आहे, आणि मुलांच्या यंत्राला मी धर्माचं नाव देणार नाही. पण जानेवारीपर्यंत ती मुलं ज्या रीतीने एकेक वायर उचलून, बघून, जागेवर ठेवत होती, ते पाहताना मला लहानपणी आईने शिकवलेलं आठवत होतं. तांब्या ठेवायचा तोही बघून ठेव, म्हणायची.

जानेवारीत पुढचे सामने झाले. त्या दिवशी ५ सामने होते. मीही गेले होते, कोरडा खाऊ बरोबर घेऊन. हॉलमध्ये केवढा गोंगाट! तिसऱ्या सामन्यात समोरच्या रोबोटच्या हाताने यांच्या रोबोटची एक वायर ओढून काढली. मुद्दाम नाही, खेळात होतं तसं. रोबोट थांबला नाही, पण एका बाजूची ताकद गेली आणि तो गोल गोल फिरू लागला. सामना हरले. पुढच्याची हाक यायला सहा-सात मिनिटं होती. नातीने दोन स्क्रू फिरवले, झाकण काढलं. निसटलेल्या टोकावर क्रमांक होता ७. दुसऱ्या मुलाने वही उघडली, सात म्हणजे कुठून कुठे ते वाचलं. वायर जागेवर गेली, नवी पट्टी बांधली, झाकण बसलं. मी घड्याळ बघत होते. पावणेदोन मिनिटं. उरलेल्या वेळात त्यांनी पाणी प्यायलं.

५ पैकी ३ जिंकले, २ हरले. राज्यपातळीवर त्यांचा नंबर लागला नाही. पण पाचही सामन्यांत रोबोट एकदाही बंद पडला नाही. परीक्षकांना द्यायच्या माहितीपुस्तिकेत १५ पानांची मर्यादा असते, त्यातलं एक पूर्ण पान या पेटीला मिळालं, ३५ आणि २९ च्या हिशेबासकट.

टीम सोडायचं काय झालं, हे मी तिला विचारलं नव्हतं. फेब्रुवारीत मी परत यायला निघाले तेव्हा बॅग भरताना तीच म्हणाली, "आजी, आता काही बिघडलं तर आधी वही बघतात. कुणी बसवली, कधी बसवली, सगळं लिहिलेलं असतं. निम्म्या सह्या माझ्या नाहीतच." मला वाटतं, तिला पेटीपेक्षा वहीचा आधार जास्त झाला. पहिल्यांदा रोबोट बंद पडला तेव्हा कुठेच काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून सगळा दोष जिच्याकडे वायरिंग होतं तिच्यावर आला. आमच्या पिढीतल्या किती सुनांवर असे न लिहिलेले दोष आले असतील, असं मनात येऊन गेलं.

आपल्याकडेही या स्पर्धा नव्या नाहीत. आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन स्पर्धा २००८ आणि २०१४ साली आपल्या पुण्यात झाली होती. २००८ चा खेळ तर आपल्या गोविंदावर, दहीहंडीवर बेतलेला होता. आपल्या हवेत प्रश्न वेगळे असतात. इथे कोरड्या हवेपेक्षा धूळ आणि पावसाळ्यातला दमटपणा त्रास देतो. त्यामुळे जाळी आणखी बारीक हवी, आणि महिनोन्महिने बंद ठेवायची असेल तर आत ओल शोषणारी पुडी हवी. बाकी सगळं तेच. तुमच्या घरात कुणी अशी पेटी करत असेल, तर त्यातलं विजेचं काही कळत नसलं तरी तीन प्रश्न जरूर विचारा. वायर वळायला जागा ठेवलीस का? उघडून दुरुस्त करायला किती मिनिटं लागतात? आणि कुठली वायर कुठे जाते, हे तुझ्याशिवाय आणखी कुणाला कळेल का?

नात आता बारावीत आहे. वायरिंगचं काम या वर्षी नववीतल्या एका मुलाकडे गेलं. खेळ नवा, रोबोट नवा, पेटीचं मापही बदललं. वही मात्र तीच चालू आहे. त्याने परवा तिला फोन करून विचारलं, की लांबीचा रकाना कशाला, तो काढून टाकू का? ती म्हणाली, "थांब, आजीला विचारते." मी सांगितलं, ठेव बाळ. जादा वायर कापून ठेवायची, तेव्हा लागेल.

जय जिनेंद्र.